विश्लेषण : ॲप बंद पडणारच, पण ते ‘कसे’ बंद पडावे?

माथेरानला जाणाऱ्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढे पायी, घोड्यावर, रिक्षाने किंवा अमन लॉज स्थानकातून मिनी ट्रेनने. गावातल्या एखाद्या लॉजच्या काउंटरवरचे बिलाचे ॲप बंद पडले, तर ते दुरुस्त करणारा माणूसही याच वाटेने वर येणार. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, तेव्हा तर वाट आणखी लांब. म्हणून अशा गावात ॲप बंद पडले का, यापेक्षा ते बंद पडताना मागे काय ठेवून गेले, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. त्याचे उत्तर सॉफ्टवेअरमधल्या एका दुर्लक्षित भागात आहे. त्याला म्हणतात ‘फेटल एरर हँडलर’, म्हणजे घातक त्रुटी हाताळणारा कोड. तो काय करतो, कुठे बसवतात, त्यात काय चुकते आणि लोकांच्या पैशांशी संबंध असलेल्या ॲपना त्याची सक्ती का हवी, याचा हा आढावा.

काउंटरवर नेमके काय घडते?

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. लॉजवर एक कुटुंब पोहोचले. काउंटरवरच्या मुलीने नाव, खोली, दोन रात्री असे भरले. पाहुण्याने यूपीआयने पैसे दिले, त्याच्या फोनवर हिरवी खूण आली. पावतीचे बटण दाबले आणि ॲपची खिडकी नाहीशी झाली. कुठला आवाज नाही, संदेश नाही. ॲप पुन्हा उघडले तर नोंद कोरी.

आता पाहुणा म्हणतो पैसे दिले, मालकाच्या ॲपमध्ये पैसे नाहीत. मुलगी पुन्हा पैसे मागायला कचरते, न मागितले तर हिशेब तिच्या अंगावर येण्याची भीती. खाली नेरळला किंवा कर्जतला बसलेल्या कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला, तर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘‘स्क्रीनवर काय आले होते?’’ उत्तर असते, ‘‘काहीच नाही.’’ पुढचे सगळे अंदाजपंचे. मूळ चूक कदाचित एका ओळीची असेल. पण तिने मागे काहीच ठेवले नाही, हे खरे नुकसान.

घातक त्रुटी म्हणजे काय?

सगळ्या चुका घातक नसतात. नेटवर्क गेले, प्रिंटरमधला कागद संपला, पिनकोडच्या जागी कोणी अक्षरे टाकली, या अडचणी अपेक्षित आहेत. ॲपने त्या जागच्या जागी हाताळून पुढे जायचे असते. डोंगरावर नेटवर्क जाणार हे गृहीतच धरायला हवे; त्यापायी कोसळणारे ॲप मुळातच अर्धवट लिहिलेले असते.

घातक त्रुटी वेगळी. नसलेल्या गोष्टीला हात घालणे, मेमरी संपणे, हिशेबाचा आकडा ज्या स्थितीत कधीच असू नये त्या स्थितीत सापडणे, अशा वेळी आपल्याजवळची माहिती खरी आहे की नाही, याचाच भरवसा प्रोग्रामला उरत नाही. अशा अवस्थेत पुढे जाणे थांबण्यापेक्षा धोक्याचे. म्हणून तो थांबतो किंवा ऑपरेटिंग सिस्टीम त्याला थांबवते. या थांबण्याआधीच्या काही क्षणांत काय करायचे, हे ठरवण्याची मुभा प्रोग्रामरला असते. त्यासाठी स्वतः लिहून बसवलेला कोड म्हणजे फेटल एरर हँडलर. तो लिहिला नाही तर मूळ प्रणालीचा ठरलेला हँडलर चालतो, आणि तो वापरणाऱ्याचा विचार करून लिहिलेला नसतो.

पडद्यावरच्या ॲपमध्ये हा प्रश्न अवघड का?

काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून चालवलेला प्रोग्राम मरताना निदान एक ओळ त्या खिडकीत लिहून जातो. आयकॉनवर टिचकी मारून उघडलेल्या ॲपला अशी जागाच नसते. त्याचा शेवटचा निरोप कोणी न पाहणाऱ्या ठिकाणी जातो. वापरणाऱ्याला दिसते ते फक्त खिडकी नाहीशी होणे.

दुसरी अडचण रचनेची. बटणे, खिडक्या असलेले प्रत्येक ॲप एका फेऱ्यावर चालते. बोट कुठे लागले, कुठले बटण दाबले गेले, पडद्याचा कुठला भाग पुन्हा रंगवायचा, या घटना एकामागून एक येतात आणि एकच मुख्य धागा त्या निस्तरतो. याला ‘इव्हेंट लूप’ म्हणतात. त्रुटी याच फेऱ्यात आली, तर ती सांगण्यासाठी नवी खिडकी उघडायलाही तोच बिघडलेला फेरा लागतो. पडदा रंगवतानाच चूक होत असेल तर गंमत आणखी वाढते. संदेशाची खिडकी उघडते, मागचा पडदा पुन्हा रंगवावा लागतो, पुन्हा तीच चूक होते, पुन्हा नवी खिडकी. जुन्या संगणकांवर एकाच संदेशाच्या खिडक्यांची रांग लागलेली अनेकांनी पाहिली असेल.

हँडलर बसवतात कुठे?

प्रत्येक साधनसंचात त्यासाठी जागा ठेवलेली असते. अँड्रॉइड आणि जावामध्ये, कोणीच न पकडलेली चूक शेवटी जिथे पोहोचते ते ‘अनकॉट एक्सेप्शन हँडलर’ आपल्या पद्धतीने बदलता येते. ‘क्यूटी’मध्ये ‘क्यू इन्स्टॉल मेसेज हँडलर’ वापरून संदेशांची वाट बदलता येते; मात्र संदेश ‘फेटल’ दर्जाचा असेल तर हँडलरचे काम झाल्यावर प्रोग्राम थांबतोच. ‘एफएलटीके’ या छोटेखानी संचात इशारा, चूक आणि घातक चूक अशा तीन पायऱ्यांसाठी तीन वेगळी फंक्शने असतात, त्यातले हवे ते बदलता येते. फ्लटरमध्ये पडदा बांधताना झालेल्या चुकांसाठी एक आणि इतर चुकांसाठी दुसरी, अशा दोन जागा भराव्या लागतात. एक भरून दुसरी विसरणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

प्रत्येक संचाची मूळ वागणूक वेगळी, हेही ध्यानात घ्यायला हवे. पायथनमधल्या टीके-इंटरमध्ये बटणाच्या कोडमध्ये चूक झाली, तर ती न दिसणाऱ्या जागी छापली जाते आणि ॲप काही झालेच नाही अशा थाटात चालू राहते. त्याच पायथनमध्ये ‘पाय-क्यूटी’च्या ५.५ आवृत्तीपासून तशीच न पकडलेली चूक ॲपला जागीच थांबवते. डॉट नेटमधील विंडोज फॉर्म्स तिसराच मार्ग घेते : खिडकी उघडून वापरणाऱ्यालाच ‘पुढे चालू ठेवायचे की बंद करायचे’ असे विचारते. काउंटरवरच्या मुलीने हे कशाच्या आधारावर ठरवायचे? तीन संच, तीन उत्तरे. कुठले आपल्या कामाला योग्य, याचा निर्णय प्रोग्रामरने घ्यायचा असतो. तो न घेणे हाही निर्णयच असतो, फक्त त्याची किंमत दुसरा कोणी मोजतो.

हँडलरने काय करावे आणि काय करू नये?

हँडलर चालतो तेव्हा घर पडत असते. त्या वेळी भिंतींना रंग द्यायला घेऊ नये. मेमरी संपल्यामुळेच चूक झाली असेल, तर हँडलरने नवी मेमरी मागणे म्हणजे आगीत तेल. म्हणून लागणारी जागा आधीच राखून ठेवावी, संदेशाचा मजकूर आधीच तयार ठेवावा, आणि हँडलर स्वतःच पुन्हा चुकला तर दुसऱ्यांदा चालणार नाही अशी कडी घालावी. संदेश दाखवण्याचे काम शक्य तर दुसऱ्या, स्वतंत्र प्रोग्रामकडे सोपवावे. क्रोम ब्राउझरमागची ‘क्रॅशपॅड’ ही यंत्रणा याच तत्त्वावर चालते : नोंद घेणारा प्रोग्राम वेगळा असतो, त्यामुळे मुख्य ॲप मेले तरी साक्षीदार जिवंत राहतो.

अर्धवट काम वाचवायचे असेल तर ते मूळ फाइलवर लिहू नये. वेगळ्या ‘परत मिळवा’ फाइलमध्ये लिहावे. माहितीचा भरवसा उरला नाही म्हणून आपण थांबतो आहोत, आणि तीच माहिती चांगल्या नोंदीवर चढवली तर उरलेलेही जाते. खरे तर शहाणे ॲप शेवटच्या क्षणाची वाटच पाहत नाही. प्रत्येक पायरी झाली की लगेच नोंदवते. वरच्या उदाहरणात पैसे मागण्याआधीच ‘अमुक क्रमांकाची मागणी पाठवली’ अशी नोंद साठवली असती, तर ॲपने पुन्हा उघडताच त्या क्रमांकाचे काय झाले ते बँकेकडून तपासले असते. पाहुण्याशी वाद घालण्याची वेळ आली नसती.

चुकीच्या जागी बोलणारा हँडलर किती महाग पडतो, याचे प्रसिद्ध उदाहरण ४ जून १९९६ चे आहे. युरोपचे ‘आरियान ५’ रॉकेट पहिल्याच उड्डाणात जेमतेम ४० सेकंदांत नष्ट झाले. ६४ बिटांचा एक आकडा १६ बिटांच्या जागेत मावला नाही, ती चूक कोणी पकडली नाही आणि दिशा सांगणारे उपकरण बंद पडले. बंद पडताना त्याने बिघाडाची माहिती बाहेर पाठवली. मुख्य संगणकाने तीच माहिती उड्डाणाची आकडेवारी समजून रॉकेट वळवले. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या उपकरणातही तेच सॉफ्टवेअर होते, तेही त्याच चुकीने आधीच थांबले होते. हँडलर होता, पण बिघाडाचा निरोप आणि कामाची माहिती यांची वाट एकच होती.

मिनी ट्रेनच्या ब्रेकशी याचा काय संबंध?

नेरळ ते माथेरान ही सुमारे २१ किलोमीटरची, दोन फूट रुंदीच्या रुळांची लाइन १९०७ मध्ये सुरू झाली. चढउतार तीव्र, वळणे अरुंद. अनेक दशके या गाडीच्या डब्यांवर ब्रेक लावणारी माणसे असत; इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर ती हाताने ब्रेक आवळत. इशारा पोहोचला तर ब्रेक लागणार, अशी ती पद्धत. मे २०१६ मध्ये डबे घसरण्याच्या घटनांनंतर गाडी थांबवण्यात आली. सेवा पुन्हा सुरू करताना जी कामे झाली, त्यात डब्यांना एअर ब्रेक बसवणे हेही होते.

एअर ब्रेकचे तर्कशास्त्र उलटे आहे. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. नळी तुटली, डबा सुटला, दाब गेला की ब्रेक आपोआप लागतात. म्हणजे यंत्रणा बिघडली तर गाडी थांबण्याच्या बाजूने बिघडते. कोणी लक्षात ठेवून इशारा द्यावा लागत नाही. चांगल्या हँडलरकडून हीच अपेक्षा आहे. ॲप कोसळले की अपूर्ण व्यवहार आपोआप ‘अपूर्ण’ म्हणूनच उरला पाहिजे, चुकून ‘पूर्ण’ म्हणून नव्हे. त्यासाठी कोसळण्याच्या क्षणी कोणी काही करण्याची गरज पडू नये. डेटाबेसमधील ‘ट्रान्झॅक्शन’ ही सोय नेमकी यासाठी असते : सगळे नोंदवले गेले, नाहीतर काहीच नाही. अर्धे कधीच नाही.

संदेश मराठीत आणि माणसाच्या भाषेत का हवा?

कॅनडात बनलेल्या ‘थेरॅक २५’ या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात सहा रुग्णांना मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त किरणे दिली. त्यातले काही दगावले. पडद्यावर येत असे ते ‘मालफंक्शन ५४’ एवढेच. त्याचा अर्थ चालवणाऱ्यांना कोणी सांगितलेला नव्हता. असे संदेश रोजच येत, आणि एक बटण दाबून पुढे जाता येई. लोक तेच करत. संदेश होता, पण तो ज्याला वाचायचा त्याच्यासाठी लिहिलेला नव्हता.

लॉजचे बिल आणि किरणोपचार यांची तुलना होत नाही, पण सवय तीच लागते. ‘एरर ०एक्स८०००४००५’ असे दिसले की माणूस ‘ओके’ दाबतो. त्याऐवजी असे लिहिता येते : ‘‘ॲप थांबले आहे. शेवटची नोंद ६ वाजून ४२ मिनिटांनी साठवली. या पाहुण्याचे पैसे आले की नाही, ते ॲप पुन्हा उघडल्यावर तपासले जाईल. तोवर पुन्हा पैसे घेऊ नका. मदतीसाठी हा क्रमांक सांगा : ४१७.’’ यात काय झाले, काय सुरक्षित आहे, काय करू नये आणि कोणाला काय सांगायचे, हे चारही आले. तांत्रिक तपशील फाइलमध्ये जाऊ द्यावा. पडद्यावर माणसाला उपयोगी तेवढेच. काउंटरवरचा माणूस मराठीत व्यवहार करत असेल, तर त्याच्या सर्वात गोंधळाच्या क्षणी ॲपने इंग्रजीत बोलू नये.

नोंद ठेवताना कोणाची माहिती जाते?

कोसळण्याची नोंद ठेवणे जितके गरजेचे, तितकेच ती जपून ठेवणेही. घाईत लिहिलेला हँडलर त्या क्षणी मेमरीत जे असेल ते सगळे फाइलमध्ये ओततो : पाहुण्याचे नाव, फोन क्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक. मग ती फाइल कंपनीच्या सर्व्हरवर जाते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये मंजूर झाला, त्यामुळे हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा राहिलेला नाही. चूक कुठल्या ओळीवर झाली, ॲपची आवृत्ती कुठली, फोन कुठला, त्याआधी कुठली बटणे दाबली गेली, एवढ्यावर बहुतेक चुका सापडतात. नावाची गरज नसते. शिवाय पाठवताना नेटवर्क असेलच असे नाही. म्हणून नोंद आधी फोनमध्येच साठवून, पुढच्या वेळी ॲप उघडल्यावर पाठवणे हीच रूढ आणि योग्य रीत.

‘काहीही होवो, चालू ठेवा’ हे मत चुकीचे का?

काही ठेकेदार वेगळाच उपाय करतात. प्रत्येक चूक पकडायची आणि गिळून टाकायची. ॲप कधीच कोसळत नाही, ग्राहक खूश. अँड्रॉइडवर याला आमिषही आहे. वापरणाऱ्यांच्या नजरेस पडणाऱ्या क्रॅशचे रोजचे प्रमाण १.०९ टक्क्यांवर गेले की गुगल प्ले त्या ॲपला मागे ढकलू शकते. चुका गिळल्या की आकडा सुंदर दिसतो. पण चूक गेलेली नसते. ती हिशेबात मुरते. महिनाअखेरीला खतावणी जुळत नाही, आणि कुठल्या दिवशी काय बिघडले हे सांगणारा पुरावा हँडलरनेच पुसलेला असतो. कोसळलेले ॲप निदान खोटे बोलत नाही.

दुसऱ्या टोकाचा युक्तिवादही आहे. स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि अर्मांडो फॉक्स यांनी २००३ मध्ये ‘क्रॅश-ओन्ली’ सॉफ्टवेअरची कल्पना मांडली. प्रोग्राम बंद करण्याचा एकच मार्ग असावा, तो म्हणजे कोसळणे. आणि सुरू होण्याचा एकच, तो म्हणजे सावरणे. म्हणजे सावरण्याचा कोड रोज वापरात राहतो, गंजत नाही. ही कल्पना हँडलरच्या विरोधात जात नाही. ती एवढेच बजावते, की हँडलरवर फार विसंबू नका. वीज गेली तर तोही चालणार नाही.

मात्र सावरणे म्हणजे आंधळेपणाने पुन्हा सुरू करणे नव्हे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने चूक ७८ मिनिटांत मागे घेतली. पण कितीतरी यंत्रे सुरू होत, पुन्हा कोसळत, पुन्हा सुरू होत. दुरुस्ती घेण्याइतका वेळ ती जिवंतच राहत नव्हती. माणसाने प्रत्यक्ष जाऊन एकेक यंत्र सावरावे लागले. यावरून धडा असा, की लागोपाठ दोन-तीनदा कोसळल्यास ॲपने ते ओळखावे आणि साध्या, मोजक्या सोयींच्या अवस्थेत उघडावे. माणसाने प्रत्यक्ष जाणे जिथे महाग, तिथे याची किंमत अधिक. माथेरान हे त्याचे चपखल उदाहरण.

मग सक्ती कशी करावी?

नगरपरिषदा, परिवहन सेवा, पर्यटन विभाग, सहकारी संस्था आज ॲप बनवून घेतात, तेव्हा सोयींची यादी लांबलचक असते. ॲप कोसळल्यावर काय होईल, हा रकाना त्यात असायला हवा. चार अटी पुरेशा आहेत : अपूर्ण व्यवहार अपूर्ण म्हणूनच उरेल, संदेश मराठीत असेल, कोसळण्याची नोंद नागरिकांच्या खासगी माहितीशिवाय राहील, आणि वारंवार कोसळल्यास ॲप सुरक्षित अवस्थेत उघडेल. हे तपासणे अवघडही नाही. चाचणीच्या आवृत्तीत मुद्दाम कोसळवणारे बटण ठेवायला सांगावे, ऐन पैसे भरताना ते अधिकाऱ्यांसमोर दाबावे, आणि पुन्हा उघडून काय उरले ते पाहावे. पाच मिनिटांचे काम.

याने खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे. छोट्या लॉजवाल्याला स्वस्तातले ॲप हवे असते. पण आज तो खर्च वाचत नाही, जागा बदलतो. ठेकेदाराच्या कार्यालयातून निघून तो काउंटरवरच्या मुलीच्या पगारात, पाहुण्याच्या दुसऱ्यांदा दिलेल्या पैशांत आणि दस्तुरी नाक्यावरून चालत वर येणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याच्या फेरीत जाऊन बसतो. ॲप विकत घेणाऱ्याने ‘हे बंद पडते का?’ असे विचारले, तर विक्रेता नाहीच म्हणणार. विचारायचा प्रश्न दुसरा आहे : ‘‘आत्ता, माझ्यासमोर बंद पाडून दाखवा.’’